ढगांआडचा ययाती

ऑगस्ट १९९३. मी तेव्हा नववीत होतो. आदल्या वर्षी स्विफ्ट-टटल धूमकेतू सूर्याजवळून गेला होता, म्हणून यंदा ययाती तारकासमूहाच्या उल्का जोरात पडणार, असं विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. बारा तारखेच्या रात्री आम्ही पोरं सतरंज्या घेऊन शाळेत हजर. पण कोकणातला ऑगस्ट तो! उल्का राहिल्या बाजूला, समोरची घंटा दिसेना. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की सरांना ओरडून बोलावं लागलं. परत जायची सोय नव्हती. मग त्यांनी व्हरांड्यात कंदील ठेवला आणि आपल्या ययातीला ग्रीक ज्या नावाने ओळखतात, त्या पर्सियसची गोष्ट काढली.

नातू तुला मारील, असं भाकीत ऐकून आर्गोसच्या अक्रिसियस राजाने मुलीला, दानाएला, कोंडून ठेवलं. तरी देवांचा राजा झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन आत शिरला. (इथे मागून कोणीतरी म्हणालं, "आपल्याकडे नुसतं पाणीच.") बाळ, म्हणजे पर्सियस, झाल्यावर राजाने मायलेकांना पेटीत घालून समुद्रात लोटलं. मराठीच्या बाई मुलींबरोबर बसल्या होत्या. त्यांना कंसही आठवला आणि कर्णही. ती पेटी सेरिफोस बेटावर दिक्तिस नावाच्या कोळ्याला सापडली. बंदरावरच्या आमच्या वर्गमित्राने लगेच विचारलं, "जाळं फाटलं नाही?" सर म्हणाले, त्याच्या नावातच जाळं आहे, फाटेल कसं!

मेडूसा या राक्षसिणीशी नजर भिडली की माणूस दगड होई, म्हणून पर्सियसने ढालीत तिचं प्रतिबिंब पाहून मुंडकं उडवलं. येताना खडकाला बांधलेल्या आंद्रोमेदाला सोडवलं. पण सर रेंगाळले ते शेवटावर. लारिसाच्या खेळांत त्याने फेकलेली थाळी भरकटली आणि प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्याला लागली. तो म्हातारा म्हणजे आजोबा. त्या वर्षीच्या आमच्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात थाळीफेकीच्या मैदानाजवळ कोणी फिरकेना. असं मिळालेलं आर्गोसचं राज्य भोगायची पर्सियसला लाज वाटली. ते देऊन त्याने बदल्यात टिरिन्स घेतलं, पुढे मायसीनी वसवलं, असं ग्रीक सांगत.

बाईंचा आक्षेप नावांवर होता. मराठी तारानकाशात पर्सियस म्हणजे ययाती, आंद्रोमेदा देवयानी, तिची आई कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि बाप सेफियस वृषपर्वा. म्हणजे तिकडचे नवरा-बायको इकडे बाप-लेक, आणि तिकडच्या मायलेकी इकडे सवती! मला विचाराल तर ययातीपेक्षा पर्सियस बरा. एकाने मुलाचं तारुण्य उसनं घेऊन हजार वर्षं वापरलं. दुसऱ्याने उसन्या पंखांच्या चपला आणि अदृश्य करणारी टोपी काम होताच परत केली.

आकाश मिळालं ते डिसेंबरात. गावात वीज गेलेली, मैदानावर काळोख. देवयानीतली दीर्घिका मला काही केल्या दिसेना. सर म्हणाले, "रोखून बघू नकोस, जरा बाजूला बघ. पर्सियसने काय केलं होतं?" बाजूला पाहिलं आणि धुरकट ठिपका उमटला. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड.

मग अल्गोल. अरबांनी याला राक्षसाचं डोकं म्हटलं. पर्सियसच्या हातातल्या मेडूसाच्या मुंडक्यात हा तारा येतो. दर २ दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी तो मंदावतो. फिरता जोडीदार त्याला झाकत असेल, हा तर्क १७८३ मध्ये जॉन गुडरिक या इंग्रज तरुणाने मांडला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. आमच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, हे ऐकून मी वहीच घातली. रोज जेवण झालं की अंगणात जायचं, अल्गोल शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहायचा आणि लिहायचं. बरेच दिवस नुसतं "नेहमीसारखा". एका रात्री तो खरंच मंदावलेला दिसला. मी धावत आत येऊन लिहिलं, "मेडूसाने डोळा मिटला!!!", आणि सकाळी प्रार्थनेआधीच वही सरांपुढे धरली.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या ओळीखाली लाल शाईत एकच शब्द आहे : "किती वाजता?"