आमची वाटचाल : एका खाचेचे पेटंट

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. यंत्रमागाचे सुटे भाग आम्ही बनवतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर होते. मागाच्या नुसत्या आवाजावरून कुठे काय सैल झालंय ते सांगायचे. त्यांच्याच हाताखाली मी शिकलो.

सुरुवातीलाच मोठा फटका बसला. कांडी भरताना सूत तुटले की यंत्र थांबवणारी एक कळ आम्ही तयार केली होती. वर्षभरात पाच-सहा कारखान्यांत ती बसवली. कुणी बघायला आले की हौसेने उघडून दाखवायचो. पुढच्याच वर्षी हुबेहूब तीच कळ दुसऱ्या एकाने निम्म्या भावात विकायला काढली. मी पेटंट एजंटकडे धावलो. त्यांनी एवढेच विचारले, "अर्ज करायच्या आधी विकली होती का?" विकली होती. आपण स्वतःच उघडपणे बाजारात आणलेली वस्तू कायद्याने नवी राहत नाही, आणि जे नवे नाही त्याला पेटंट नाही. त्या रात्री वडील जेवले नाहीत.

नंतर आम्ही पाइलच्या, म्हणजे लूपच्या बीमकडे वळलो. बीम म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ. टॉवेल विणताना दोन बीम लागतात, एक कापडाच्या मूळ ताण्याचा आणि एक लूपचा, म्हणजे टॉवेलवरच्या सुताच्या वेटोळ्यांचा. सूत उलगडत जाते तसा बीम बारीक होतो, पण बीमला रोखणाऱ्या ब्रेकचे वजन तेवढेच राहते, म्हणून ताण वाढतो आणि लूप आखूड पडतात. मग एकाच बीमवरच्या पहिल्या आणि शेवटच्या डझनाच्या वजनात फरक येतो, आणि व्यापारी काट्यावर घालूनच माल घेतो. जॉबर पाळीत दोन-तीनदा हाताने वजन सरकवतो. विसरला तर माल सेकंडात, म्हणजे दुय्यम प्रतीत जातो.

आम्ही बीमला टेकलेली एक चाकी बसवली. बीम बारीक झाला की चाकी खाली येते, तिच्या दांड्याने वजन खाचेतून आपोआप सरकते. सरळ खाचेने काम होईना. वडिलांनी कानस घेऊन खाचेला बाक दिला, लावून पाहिला, पुन्हा घासला. तीन महिने हेच चालले होते.

या वेळी कुणालाही दाखवायच्या आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाकला. त्याने तारीख आपली होते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा, म्हणजे परीक्षण करावे, यासाठी वेगळी विनंती करावी लागते, हे आमच्या भागातल्या अनेक उद्योजकांना ठाऊक नसते. ती मुदतीत केली नाही, तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.

मुंबई पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला तेव्हा धस्स झाले. बीमला टेकणारी चाकी जुनी, सरकणारे वजनही जुने, असे जुन्या पेटंटचे दाखले देऊन लिहिले होते. मला राग आला. एजंट म्हणाले, "साहेब, तुमचे खरे नवे काय ते सांगा." खाचेचा बाक, दुसरे काय! क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, तेवढाच केला: चाकी, दांडा, वजन आणि बीमच्या घेराशी मेळ घालणारी वाकडी खाच, हे सगळे एकत्र. माझ्या मते पेटंटमधले सर्वांत मोलाचे पान हेच. आकृत्या आणि वर्णन कितीही असो, हक्काची हद्द क्लेमच्या शब्दांनी ठरते.

पेटंट मिळाले. अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे, नूतनीकरणाची फी वेळेवर भरली तर. हक्क भारतापुरताच. आणि तो दुसऱ्याला रोखण्याचा हक्क आहे. आमच्या परवानगीशिवाय कुणी ती वस्तू बनवू, वापरू, विकू किंवा आयात करू शकत नाही. पण आपले यंत्र दुसऱ्याच्या पेटंटच्या हद्दीत गेले, तर आपल्याकडे पेटंट असूनही त्याची परवानगी लागते.

दोन वर्षांनी एका कारखान्यात आमच्यासारखीच जोडणी दिसली. मी क्लेमचा कागद घेऊन मागापाशी उभा राहिलो आणि एकेक भाग जुळवला. चाकी, दांडा, वजन, वाकडी खाच, सगळे होते. नोटीस गेली. बनवणाऱ्याने चर्चेला बोलावले, आणि आता तो आमच्या परवान्यावर, प्रत्येक नगामागे रक्कम देऊन बनवतो.

गेल्या दिवाळीनंतर आणखी एक दिसली. पुन्हा तोच कागद घेऊन गेलो. तिथे खाच सरळ होती आणि वजनाच्या जागी स्प्रिंग. आमच्या हद्दीबाहेरची वस्तू. मालकाने चहा मागवला. माग चालू होता, लूप थोडे आखूड पडत होते. मी चहा घेतला आणि वर्कशॉपला परत आलो.