सुई कुठे टोचता, दाखवा ना काकू

इन्शुलिनवर असलेल्या माणसाला "इंजेक्शन घेता येतं ना?" असं विचारलं की "हो, येतं की" हेच उत्तर मिळतं. वर्षानुवर्षं रोज दोनदा सुई टोचणारा माणूस दुसरं काय सांगणार? म्हणून आमच्या अभ्यासात तो प्रश्नच ठेवलेला नाही. मी इंदूरला नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि मधुमेहाचे रुग्ण घरी इन्शुलिन कसं घेतात यावर संशोधन करते. रुग्णाच्या ठरलेल्या वेळेला त्याच्या घरी जायचं, "रोज घेता तसंच घ्या" म्हणायचं आणि बघत बसायचं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत. त्यातले जे इन्शुलिन घेतात, त्यांची सुई घरीच लागते आणि तिथे बघायला कुणी नर्स नसते.

त्या सकाळी एका विद्यार्थिनीला घेऊन रामबागेतल्या एका घरी गेले. काकूंची साखर काही केल्या ताळ्यावर येत नव्हती. वहीत एका सकाळी ६२, तर दोन दिवसांनी त्याच वेळेला २९०. डोस वाढत वाढत सकाळी ४० युनिटवर पोचला होता. घरच्यांनी कारण कधीच ठरवून टाकलं होतं. संमतीपत्रावर सही व्हायच्या आधीच मुलगा म्हणाला, "ताई, आईला जरा समजावून सांगा. लपून गोड खाते." सुनेने फराळाचे डबे वरच्या फळीवर नेऊन ठेवलेले. काका म्हणाले, "हिला घेऊन कुणाकडे जेवायला जायचीही सोय उरली नाही." काकू गप्पच होत्या.

मग त्या उठल्या, साबणाने हात धुतले. फ्रिजच्या दारातून बाटली काढली आणि ते दुधाळ औषध तळहातांमध्ये हलकेच घोळवलं. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांतलं इन्शुलिन ४० युनिटचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. त्याऐवजी नारिंगी टोपणाची १०० युनिटची सिरिंज वापरली, तर २० च्या खुणेपर्यंत भरूनही पोटात जेमतेम ८ युनिट जातात, आणि ही गफलत मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. काकूंची सिरिंज लाल टोपणाचीच होती. बुडबुडा काढला, आकडा नीट पाहिला. विद्यार्थिनी यादीवर एकामागून एक बरोबरच्या खुणा करत होती.

आणि मग काकूंनी साडी जराशी सरकवून, खाली न बघता, बेंबीच्या उजवीकडे सुई टोचली. चेहऱ्यावर दुखल्याचं काही नाही. न बघता हात नेमका तिथेच जातो, हे पाहिलं आणि मी म्हटलं, "काकू, जरा हात लावू का?"

वरून फारसं काही दिसत नव्हतं. पण दोन बोटं दाबून फिरवली तशी कातडीखाली लिंबाएवढी गाठ लागली, रबरासारखी. आजूबाजूचं पोट मऊ. डावीकडे चाचपलं, तिथे काहीच नव्हतं. "इथेच घेता का रोज?" "हो. इथे दुखत नाही ना."

याला लिपोहायपरट्रॉफी म्हणतात. इन्शुलिनमुळे चरबी साठते. तीच जागा पुन्हा पुन्हा टोचली, त्यातून सुईही तीच वापरली, की तिथली चरबी फुगून गाठ धरते. तिथली संवेदना कमी होते, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. त्या गाठीतून औषध रक्तात कधी अर्धवट पोचतं, कधी उशिरा. काकूंची सुईसुद्धा बोथट होईपर्यंत चालायची.

मी मुलाला बोलावलं, काकूंची परवानगी घेतली आणि त्याची बोटं त्या गाठीवर ठेवली. "गोडाने साखर चढेल," मी म्हटलं, "६२ वर कशी उतरेल?" तो काही बोलला नाही. काकू मात्र बोलल्या. "मी सांगत होते यांना. वर्ष झालं, माझ्या ताटाकडे सगळे बघत बसतात." आवाज चढला होता त्यांचा, आणि चढायलाच हवा होता. दुखणं माणसाला झेपतं एक वेळ. आपल्याच घरात खोटं ठरणं नाही झेपत.

पुढचं काम जास्त जोखमीचं होतं. गाठीत ४० युनिट घेणाऱ्याने तेवढेच ४० चांगल्या जागेत घेतले, तर ते सगळे लागू पडतात आणि साखर धाडकन खाली येते. म्हणून संध्याकाळच्या सुईच्या आत त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन्ही डोस पाचव्या हिश्शाने कमी केले, म्हणजे सकाळचे ३२, आणि काही दिवस पहाटे ३ वाजता साखर बघायला सांगितली. ते काम मुलाने आपणहून घेतलं. आम्ही काकूंच्या पोटाचे चार भाग करून दाखवले: एका आठवड्याला एक भाग, रोजची टोच आदल्या टोचेपासून बोटभर लांब, बेंबीभोवतीची दोन बोटं सोडून, आणि गाठीला हातच लावायचा नाही. दर वेळी सुई नवी. मग त्यांच्याकडूनच सगळं परत वदवून घेतलं, करूनही दाखवायला लावलं. नव्या जागी सुई टेकवून बघितली तेव्हा त्या कळवळल्या. "हे दुखतंय की!" "दुखेल थोडं," मी म्हटलं.

पुढच्या भेटीत वहीतले बहुतेक आकडे १०० ते १८० मध्ये होते. एकदा पहाटे ६८ आली, मुलाने साखरपाणी दिलं आणि डॉक्टरांना कळवलं. डोस आणखी थोडा उतरला.

आमच्या यादीत "जागा बदलतात का" हा रकाना होता, पण हाताने चाचपून बघण्याचा नव्हता. पोट आणि मांड्यांची आकृती छापलेलं एक पान जोडून तो बदल मी नैतिकता समितीकडे मंजुरीला पाठवला आहे. मंजुरी येईपर्यंत ही नोंद अभ्यासात धरता येणार नाही. तरी प्रत्येक घरी, सुई टोचून झाली की मी विचारते, जरा हात लावू का?