ब्राउझर फुकट, मग पगार कोण देतं?

फायरफॉक्समध्ये गूगलवर काहीही शोधा आणि वरचा पत्ता नीट वाचा. त्यात ‘क्लायंट=फायरफॉक्स-बी-डी’ अशी एखादी शेपटी दिसेल. ती खूण लावून आलेल्या लोकांमुळे जाहिरातींची जी कमाई होते, तिच्यातून ब्राउझरवाल्याला पैसे मिळतात. २०२२ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या सुमारे ५९ कोटी डॉलर उत्पन्नापैकी ५१ कोटी अशा रॉयल्टीचे होते.

हा पैसा मोठा, पण बेभरवशाचा. २०१४ मध्ये मोझिलाने अमेरिकेत याहूला डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून लावलेलं सर्च केलं, तर लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन गूगल परत लावलं. २०१७ मध्ये तो करार मोडला. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत गूगलच्या सर्च-मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला डिफॉल्टसाठी पैसे द्यायला मुभा ठेवली, पण डिसेंबरमध्ये असे करार एका वर्षापुरते केले. नवा ब्राउझर बनवायला तीन वर्षांचं काम आखणाऱ्या टीमने या पैशावर कायमचे पगार बांधू नयेत.

आधी इंजिन, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा, कोणाचं ते ठरवा, खर्च तिथेच ठरतो. विवाल्डी ही ब्राउझर कंपनी कर्मचाऱ्यांच्याच मालकीची आहे, बाहेरचा गुंतवणूकदार नाही. सर्चचे करार आणि आधीपासून भरून दिलेले बुकमार्क यांवर तिचं भागतं, कारण तिचा ब्राउझर क्रोमियम या क्रोमच्या खुल्या कोडवर उभा आहे आणि त्याचा मुख्य खर्च गूगल उचलतं. तरी क्रोमियम घेतलं म्हणजे सुटलो असं नाही. २०२१ मध्ये क्रोमच्या नव्या आवृत्त्यांचं चक्र सहा आठवड्यांवरून चारवर आलं. दर वेळी आपले बदल नव्या कोडवर बसवायचे, मध्येच सुरक्षेचा पॅच आला तर हातातलं काम टाकून तो आधी सोडायचा. त्यासाठी माणसं राखून ठेवावीच लागतात.

लेडीबर्ड हा ब्राउझर मात्र आपलं इंजिन स्वतः लिहितो. जुलै २०२४ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली, कोड ठेवण्याच्या गिटहब या साइटचे सहसंस्थापक ख्रिस वॉनस्ट्राथ यांनी १० लाख डॉलर दिले. सर्चचे करार नाहीत, देणगीला अटी नाहीत, संचालक मंडळातली खुर्ची विकाऊ नाही. मला हीच वाट जास्त पटते. अडचण एवढीच, की देणगी एकदम येते आणि पगार दर महिन्याला जातो. पुढच्या वर्षभराचा पगार बँकेत असल्याशिवाय नवा माणूस घेऊ नये.

वर्गणी घेणार असाल तर वार्षिक घ्या. स्ट्राइप या पेमेंट कंपनीचा अमेरिकेतला साधा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट. महिना ५ डॉलर घेतले तर जवळजवळ ९ टक्के तिथेच गेले. वर्षाचे ५० एकदम घेतले तर साडेतीन. भारतीय ग्राहकांचं वेगळंच. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या आपोआप वसुलीला आधी ई-मँडेट, म्हणजे ग्राहकाची ऑनलाइन संमती, नोंदवावा लागतो आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना जावी लागते. परदेशी पेमेंट गेटवेला हे जमलं नाही, तर नूतनीकरण गुपचूप फसतं आणि ग्राहक गेला असं वाटतं. त्यांना वर्षाचे पैसे यूपीआयने एकरकमी भरायची सोय द्या आणि मुदत संपायच्या आधी ईमेल पाठवा.