अनवाणी धावायचंय? सुरुवात सिमेंटवर करा

अनवाणी धावायचं ठरलं की बहुतेक जण हिरवळ शोधतात. मऊ गवत, पायाला आराम, असा हिशेब असतो. सुरुवातीला तोच चुकतो. गवतात काच, कुसळं, सराटे दडलेले असतात आणि खालचा खड्डा दिसत नाही. शिवाय मऊ जमिनीवर टाच आपटली तरी खपून जाते, त्यामुळे बुटांतली धावण्याची सवय तशीच राहते. गुळगुळीत, स्वच्छ सिमेंटचा रस्ता ही चूक खपवून घेत नाही. टाच आपटली की लगेच कळतं. सोसायटीच्या आतला रस्ता चालेल, पण उचकटलेले पेव्हर ब्लॉक नकोत.

पाऊल गुडघ्याच्या खालीच पडलं पाहिजे, पुढे फेकलेलं नको. आधी चवड्याची बाहेरची कड टेकते, मग पूर्ण चवडा आणि लगोलग टाचही हलकेच टेकते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ‘चवड्यावर धावा’ एवढंच ऐकून लोक टाच अधांतरी ठेवून धावतात आणि आठवडाभरात पोटऱ्या दगडासारख्या होतात, धोंडशीर (टाचेमागची जाड शीर) दुखायला लागते. टाच टेकू द्या. गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि जमिनीला मागे रेटण्यापेक्षा पाऊल उचलण्याकडे लक्ष द्या. पावलं छोटी आणि भरभर हवीत: तीस सेकंदांत उजवा पाय ४३ ते ४५ वेळा टेकला, तर मिनिटाला साधारण १७२ ते १८० पावलं होतात. कानही उघडे ठेवा. ‘धप धप’ ऐकू आलं तर पाऊल लांब पडतंय.

पहिले दोन आठवडे रोज १५-२० मिनिटं नुसतं अनवाणी चाला. मग एक दिवसाआड ४०० मीटर धावा, तेही नेहमीच्या धावण्याच्या सुरुवातीला, पोटऱ्या ताज्या असताना. पुढचं अंतर बूट घालून. एक किलोमीटरपर्यंत दर आठवड्याला १०० ते २०० मीटर वाढवा, त्यानंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त नाही. जोडीला जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करा, १५-१५ चे दोन संच. खाली येताना सावकाश या.

इतकी सबुरी कशासाठी? कातडी काही आठवड्यांत चिवट होते, पण पावलातल्या हाडांना आणि शिरांना नवा भार पेलायला महिने लागतात. सुरुवातीला कातडी हुळहुळते तेव्हा थांबलात, तर आतलं हाडही वाचतं. म्हणून पातळ तळाचे ‘बेअरफूट’ बूट मला सुरुवातीला पटत नाहीत. ते कातडीला गप्प करतात आणि माणूस जास्त धावतो. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याने १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली हे खरं, पण त्याचे पाय त्याआधीच अनवाणी धावण्याला सरावलेले होते.

फोड कुठे आला ते नीट बघा. अंगठ्याखाली आला तर तुम्ही जमीन मागे रेटताय. चवड्याच्या मध्यावर आला तर पाऊल टेकताना पिळलं जातंय. पोटऱ्यांची दोन दिवसांची ठणक साधी आहे. मात्र पावलाच्या वरच्या बाजूला, बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि धावताना ती वाढत असेल, तर त्याच क्षणी थांबा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे साफ आला म्हणून पुन्हा धावू नका, डॉक्टरांना परत दाखवा.

महिना-दोन महिन्यांनी माती आणि वाळू. कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी सहा-सातला ओहोटी असते. तेव्हा गुहागर किंवा मुरुडच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळतो. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी भरती असते. वाळू समुद्राकडे उतरती असल्याने जितकं जाल तितकंच परत या, नाहीतर एकाच पायावर ताण येतो.

उन्हाळ्यात नऊनंतर डांबर टाळा. पावसाळ्यात भिजलेली कातडी मऊ पडते आणि फोड लवकर येतात, म्हणून अंतर निम्मं करा. साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, बारीकशा जखमेतूनही लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते तपासा. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी धावूच नका.

घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि उजेडात तळवे तपासा. काटा मोडून आत राहिला असेल तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढा. टाचांना भेगा असतील तर कोकमाचं तेल कोमट करून रात्री भरा. जाड झालेली कातडी वज्रीने घासून काढू नका, तीच तर कमावायची आहे.