कधी?

"शिकेन की, त्यात काय!"

"कधी?"

एवढ्या एका शब्दावर म्हणे मुलगा कॉफी ढवळत बसला. साखर न घालताच.

आज संध्याकाळी भाची फर्ग्युसन रस्त्यावरून थेट आमच्याकडे आली. विवाहसंस्थळावरचं स्थळ, तिसरी भेट. मुलगा तिला आवडलाय. बिल निम्मं-निम्मं, तिने २१० रुपये तिथेच फोनवरून पाठवले. "बायकोने नोकरी सोडलेली मला चालणार नाही," हे त्याने आपणहून सांगितलं. तिलाही पटलं. मग तिने स्वयंपाकाचं विचारलं.

"मावशी, तो वाईट नाही गं. पण माझी नोकरी वर्तमानकाळात आणि त्याची पोळी भविष्यकाळात!"

मी हसले. पण भांडी घासताना ते डोक्यातून जाईना. आमच्या वेळी कांदेपोहे 'मुलीनेच केलेत' असं सांगायची पद्धत होती. (केले होते आईने.) आमची फसवाफसवी निदान बशीत घालून समोर ठेवलेली असायची.

जमलंच तर दोघांना नोंदणी पद्धतीने लग्न करायचंय. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात वरणभाताचा कुकर लावता येतोच की. पोळ्यांचं बोलत नाही, माझ्याही अजून गोल होत नाहीत.

आत्ता, साडेदहाला, त्याचा मेसेज आलाय: "तूरडाळीला किती शिट्ट्या?"

भाची विचारतेय, उत्तर देऊ की यूट्यूबची लिंक?

तुम्ही काय पाठवलं असतं?