इतका चकचकीत वेल्ड

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी २६ वर्षं वेल्डिंग तपासतोय. रसायनांच्या टाक्या, हीट एक्स्चेंजर, पाइपलाइनी. होडी कधी तपासली नव्हती. बडोद्यात वाढलेल्या माणसाचा होडीशी संबंध येणार तरी किती? विश्वामित्री नदीत मगरी, आणि लहानपणी सुरसागर तलावात मारलेली एखादी फेरी, संपलं.

पण माझा एक मावसभाऊ मासळीच्या धंद्यात आहे. ('आपल्यात हे कोणी केलं नव्हतं हो,' असं आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि त्याने पाठवलेला रोहू मात्र आवडीने खात राहिली.) कडाणा धरणाच्या जलाशयात मासेमारी करणारे तिघे भाऊ त्याला माल देतात. त्यांना होडी घ्यायला हा उचल देणार होता. मे महिना संपत आला होता. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेवढ्यात होडी ठरवून टाकायची, असा त्याचा बेत.

"दादा, तू फक्त बरोबर ये. पत्रा बघ, वेल्डिंग बघ, सही कर. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

'सही' हा शब्द ऐकून बायकोने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्यातल्याच हरणीच्या तलावात होडी उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून आमच्या घरात होडी म्हटलं की कोणी सहज बोलत नाही. "नीट बघून मग सही करा," एवढंच ती म्हणाली.

रविवारी सकाळी सेव उसळ खाऊन आम्ही शहराबाहेरच्या एका शेडवर पोचलो. तिघे भाऊ आधीच दारात उकिडवे बसले होते. त्यातल्या थोरल्याला मी सवयीने 'दादा' म्हटलं आणि शेडमधली पोरं फिसकन हसली. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा, हे बडोद्यात जन्म काढूनही मी विसरतो. माणूस जेमतेम चाळिशीचा. पण त्याला काही वाईट वाटलं नाही, आणि मग दिवसभर तो दादाच राहिला. त्यात मावसभाऊ मलाही दादा म्हणत होता, त्यामुळे कोणीही हाक मारली की आम्ही दोघे वळायचो.

अ‍ॅल्युमिनियमच कशाला, असं मी दादांना विचारलं. फायबरची स्वस्त पडते, लाकडाची गावात दुरुस्त होते. त्यांनी सांगितलेलं कारण मला फार पटलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, बुडालेल्या झाडांची खोडं आणि खडक वर येतात. फायबर त्यावर आपटलं की तडकतं. अ‍ॅल्युमिनियम आपटलं तर पोचा येतो, पण होडी घरी येते. शिवाय पाणी लांब गेलं की होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. ३ मिलीमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला साधारण ८ किलो, तेवढंच पोलाद साडेतेवीस. ओढणाऱ्याच्या खांद्याला हा हिशेब कागदाशिवाय कळतो.

आधी शेडच्या मालकाने, शेठनी, एक जुनी, रिव्हेटवाली होडी दाखवली. तिचा निकाल पाच मिनिटांत लागला. रिव्हेटांच्या भोवती काळे ओघळ होते, म्हणजे रिव्हेट ढिले होऊन आतल्या आत घासत होते. मागची भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं, तिच्या आत प्लायवूड असतं; स्क्रूड्रायव्हर टेकवला तर शिळ्या पावात जावा तसा आत गेला. दादांनी एक टोक उचलून पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं. बाकांखाली भरलेल्या फोमने पाणी पिऊन ठेवलं होतं. होडी बुडू नये म्हणून घातलेला फोमच तिला जड करत होता.

मग नवी होडी. सोळा फुटी, तळ मागे सपाट आणि पुढे जरासा निमुळता, बाहेरून हिरवा रंग. आतून रंग नव्हता, ते मला बरं वाटलं. रंगाखाली काहीही लपवता येतं.

जाडी मोजली. पहिलं रीडिंग आलं २.८१. शेठ म्हणाले, "साहेब, पत्रा पूरा तीन एमएमचा आहे," आणि ते खरंच बोलत होते. माझं यंत्र पत्र्यात आवाजाच्या लहरी सोडून जाडी मोजतं, आणि ते शुक्रवारपासून पोलादावर लावलेलं होतं. आवाज अ‍ॅल्युमिनियममधून पोलादापेक्षा थोडा जास्त वेगाने जातो. सेटिंग बदललं नाही तर पत्रा आहे त्यापेक्षा पातळ दिसतो. सेटिंग बदललं, बरोबर ३.०० आलं. २६ वर्षं झाली की अशी चूक हसण्यावारी नेता येते, पण शेठच्या नजरेत मी तिथे दोन पायऱ्या उतरलो.

पत्र्याचं सर्टिफिकेट झेरॉक्स होतं. म्हणून बाकाखाली पालथा पडून टॉर्च मारला. पत्र्यावर तो बनवणाऱ्या कारखान्याचा छापा अर्धवट शिल्लक होता: मिश्रधातूचा नंबर ५०८३, कडकपणाची खूण एच११६ आणि हीट नंबर, म्हणजे ओतलेल्या घाण्याचा नंबर. तो सर्टिफिकेटशी जुळला. ५०८३ म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असलेला, पाण्यात टिकणारा पत्रा, होड्या-जहाजांचा. भांडीवाल्यांकडचा मऊ पत्रा नव्हे. इथे शेठनी पैसे वाचवले नव्हते.

मागच्या भिंतीच्या बोल्टांना खिशातलं लोहचुंबक लावलं, टपकन चिकटलं. साधे लोखंडी, वरून जस्ताचा मुलामा. मुलामा गेला की पाण्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकून बसतात आणि अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर घालून देतो, असं शेठ लगेच कबूल झाले. इतक्या लगेच, की हे त्यांना आधीपासून ठाऊक असावं.

आता वेल्ड. मी गुडघे टेकून कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवलं. एकसारखा, चांदीसारखा, नाण्यावर नाणं ठेवत गेल्यासारखा. काजळी नाही, शिंतोडे नाहीत. वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रींना मी मोठ्याने म्हटलं, "हात चांगलाय हो तुमचा." मिस्त्री लाजले. ते वाक्य मी बोललो ते शेडभर ऐकू गेलं, म्हणून इथे लिहिणं भाग आहे.

पाण्याची चाचणी उलटी करायची असते. होडी पाण्यात सोडून आत बघण्यापेक्षा तिला ठोकळ्यांवर ठेवायचं, आत वीतभर पाणी भरायचं आणि बाहेरून बघायचं. सांध्यांना बाहेरून खडू फासला. थेंब आला तर खडू ओला होऊन डाग पडतो. अर्धा तास थांबलो. एकही डाग नाही. तोवर दादांनी त्यांच्या चाचण्या चालवल्या होत्या. सगळ्या काठावरून आतून-बाहेरून तळहात फिरवला आणि तीन ठिकाणी थांबून म्हणाले, "इथे जाळं अडकेल." मला त्या तीन जागा दिसल्याही नव्हत्या, धातू म्हणून तिथे काही चूक नव्हती. एका कडेची धार आणि दोन बोल्टांची डोकी. रात्री अंधारात जाळं ओढणाऱ्या माणसालाच ते कळणार.

मावसभावाने पेन काढलं. मी कागद गुडघ्यावर ठेवला.

दादा तेव्हा खाली बसून पाणी सोडायच्या बुचात अडकलेला कचरा काढत होते. त्यांनी जमिनीवरून वेल्डिंगच्या तारेचा एक बोटभर तुकडा उचलला होता आणि त्याने टोकरत होते. टिग वेल्डिंगमध्ये सांध्यात वितळवायच्या तारेच्या टोकाला नंबर ठोकलेला असतो. उन्हात तो तुकडा चमकला आणि माझी नजर सवयीने टोकावर गेली.

"दादा, जरा द्या ते."

४०४३.

मी पेन बंद केलं. ४०४३ ही वाईट तार नाही. तिच्यात पाच टक्के सिलिकॉन असतं, पाण्यासारखी पसरते, बीड, म्हणजे वेल्डची ओळ, चकचकीत येतो, सगळीकडे मिळते. पण ५०८३ च्या पत्र्याला ती चालत नाही. पत्र्यातलं मॅग्नेशियम आणि तारेतलं सिलिकॉन वितळून एकत्र आले की त्यांचं संयुग होतं आणि सांधा ठिसूळ होतो. दिसायला सुंदर, पाण्यालाही घट्ट. फक्त वाकायची वेळ आली की वाकत नाही, तुटतो. म्हणजे ज्या गुणासाठी दादांना अ‍ॅल्युमिनियम हवं होतं, खडकावर आपटलं तर पोचा येऊ दे पण तडकू नये, तोच गुण नेमका सांध्यात नव्हता.

आणि मला सकाळीच कळायला हवं होतं. या पत्र्याला जी ५३५६ ची तार लागते, तिच्यातही मॅग्नेशियम असतं, आणि तिच्या वेल्डच्या दोन्ही बाजूंना थोडी काजळी येते. काजळी नाही, म्हणून मी मिस्त्रींची पाठ थोपटली होती.

एक तुकडा जमिनीवर सापडला म्हणजे होडीत तीच तार गेली, असं होत नाही. शेठ हेच म्हणाले, आणि ते बरोबर होतं. म्हणून पिशवीतून कॉस्टिक सोड्याची बाटली काढली, हातमोजे घातले, चष्मा लावला. मागच्या कोपऱ्यात वेल्डवर आणि शेजारच्या पत्र्यावर कानशीने चकाकी आणली, दोन्हीकडे एकेक थेंब सोडला. बुडबुडे येऊ लागले. सगळे वाकून बघत होते. पोरंसुद्धा ग्राइंडर बंद करून आली. तीनेक मिनिटांनी पाण्याने धुतलं. पत्रा पांढराच राहिला, जरा फिकट. वेल्डवर मात्र तव्याच्या बुडासारखा काळा डाग. अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, सिलिकॉन तितकं सहज विरघळत नाही, ते काळं होऊन वर बसतं. मी फडक्याने घासून दाखवलं. फडकं काळं झालं.

"साहेब, आ काळुं केम पड्युं?" हे काळं का पडलं, दादांनी विचारलं. मी सांगितलं. संयुगाचं नाव त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता; चिक्की आणि गूळ यांतला फरक सांगितला. एकाला वाकवता येतं, दुसरीचा तुकडा पडतो.

आणखी चार ठिकाणी थेंब टाकले. चारही काळे. मग उरलेल्या शंकेसाठी लाल रंगाची चाचणी केली: रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर. भेगेत शिरलेला रंग वर उमटतो. इंजिनाच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे मिस्त्रींनी बीड संपवून वेल्डिंगची टॉर्च उचलली होती, तिथे करंगळीच्या नखाएवढी लाल चांदणी उमटली. बीड संपवताना खड्डा भरून न घेता हात उचलला की अशी भेग पडते. पाण्याच्या चाचणीत ती दिसली नाही कारण ती आरपार नव्हती. अजून.

शेठ रागावले नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "वीस होड्या दिल्या साहेब. एकही परत नाही आली." मिस्त्री म्हणाले, तार शेठ आणतात, मी काय करू. शेठ म्हणाले, दुकानदाराने दिली ती आणली, अ‍ॅल्युमिनियमची तार म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची तार. मला दोघांचंही खरं वाटलं. फसवायचं असतं तर माणसाने पत्र्यात फसवलं असतं. महाग पत्रा घेऊन तारेत कोण फसवतं?

मावसभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, नवीन तारेने वरून एक फेरी मारून नाही चालणार?" नाही चालणार. जुना वेल्ड पूर्ण खरवडून काढावा लागतो, आणि ३ मिलीमीटरच्या पत्र्यात खरवडून उरतं काय? ही होडी बाजूला ठेवायची, नवा पत्रा कापायचा, ५३५६ ची तार पेटीबंद आणायची आणि माझ्यासमोर फोडायची, असं ठरलं. आणि पाऊस सुरू झाल्यावर पत्रा, तार कोरडी ठेवायची, नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये भोकं पाडतो, हेही मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी मार्करने ५३५६ हा आकडा तळहातावर लिहून घेतला. सही झाली नाही. मावसभाऊ गाडीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

तिघे भाऊ मात्र आत शेठजवळच उभे होते. दादा ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारत होते, "अने पेली वीस?" आणि त्या वीस?

शेठनी वही उघडली. वीसमधल्या दोन कडाण्यातच होत्या. दोन्ही हिरव्या, दादांना मालक ठाऊक होते. एकाचा मुलगा रोज संध्याकाळी एकटाच जाळी टाकायला जातो म्हणाले. दादांनी माझ्याकडे त्या बाटलीतलं थोडं कॉस्टिक मागितलं. घरी घेऊन जातो, तिथे थेंब टाकून बघतो, म्हणाले. मी दिलं नाही, डोळ्यात उडालं तर काय घ्या. पुढच्या रविवारी मीच येतो म्हटलं, आणि तोवर मुलाला खडकांच्या बाजूला जाऊ देऊ नका म्हणावं, असं सांगितलं.

त्यांनी मान डोलावली आणि ४०४३ चा तो तुकडा पाकिटात ठेवला.