आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर किराणा: आमची वाटचाल

आमचं सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत किराणा दुकान, माल घरपोच देतो. ऑर्डर आली की गाडी सोडायची, हा आमचा पहिल्या महिन्यातला नियम. शहरात एका इमारतीत चाळीस घरं असतात, तिथं तो चालतो. आटपाडीत गाव संपलं की घरं मळ्यात, दोन वस्त्यांमध्ये दीड-दोन किलोमीटर आणि मध्ये ओढा. दहा किलोमीटरवरच्या एका घराचा हिशोब असा बसतो: यादी १,५०० रुपयांची, तेल-साखर-डाळ-साबण मिळून सुटतात सातेक टक्के, म्हणजे १०५ रुपये. माल पोचवणाऱ्या पोराला घरामागं २५ आणि जाऊन-येऊन वीस किलोमीटरचे, चार रुपयांनी, ८०. झाले १०५. पिशवी आणि माल बांधणाऱ्याची मजुरी घरातून.

म्हणून वार लावले. सोमवार-गुरुवार दिघंचीचा रस्ता, मंगळवार-शुक्रवार करगणी-खरसुंडी, बुधवारी झरे. यादी आदल्या रात्री आठपर्यंत. नंतर आलेली पुढच्या वारी. शनिवारी बाजार असतो, माणसं आपणहून गावात येतात, त्यामुळं फेरी नाही. माल बांधून ठेवतो, जाता जाता उचलायचा. आता ३५ किलोमीटरच्या एका फेरीत पाच घरं होतात. पोराला १४० अधिक १२५ जातात, आमच्याकडं ५२५ मधले २६० राहतात. पाचच घरं का, तर टीव्हीएस एक्सएल मोपेडवर मागं आणि पायाशी मिळून ७० किलोच्या वर लादलं की मातीच्या चढाला पुढचं चाक हलकं पडतं आणि गाडी वळवता येत नाही.

तांदळाचं २६ किलोचं पोतं, साखरेचा ५० किलोचा कट्टा यांना दुधाचा टेम्पो. सकाळी तो वस्त्यांवरचं दूध गावात आणतो आणि रिकामे कॅन घेऊन परत जातो. ती जागा आम्ही पोत्यामागं १५ रुपयांनी घेतो. कॅन धुवून ओलेच ठेवलेले असतात, म्हणून खाली ताडपत्री, त्यावर पोतं, आणि कॅन पलीकडच्या बाजूला. हे पाळलं नाही तर साखरेचा खालचा थर दगड होऊन पोचतो.

खरी डोकेदुखी वाहतुकीपेक्षा यादीची. तयार अ‍ॅप घेतलं होतं, सहा महिन्यांत बंद केलं. मळ्यातली बाई टाइप करत बसत नाही, ती व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवते, मागं मोटार चालू असते. ‘तेल पाच, साबण चार, जिरं आतपाव, शेंगदाणं दोन, डाळ नेहमीची.’ यात तेल पाच म्हणजे पाच पिशव्या की पाच लिटरचा कॅन? शेंगदाणे दोन किलो की दोन पावशेर? आतपाव म्हणजे १२५ ग्रॅम, हे कॉलेजच्या पोराला शिकवावं लागतं. तेलाची पिशवी तर आणखी फसवी: दिसायला सारखीच, पण ९१० ग्रॅमचीही (म्हणजे एक लिटरची) असते आणि ८५० किंवा ८०० ग्रॅमचीही. ‘लिटर’ सांगून ८०० ची गेली की गिऱ्हाईक आम्हालाच लबाड ठरवतं. म्हणून प्रत्येक यादी वजनासकट लिहून परत पाठवतो, आणि ‘नेहमीची’ हा शब्द आला की घराच्या वहीचं पान काढतो. प्रत्येक घराला एक पान: डाळ कुठली, चहा कुठला, तांदूळ जुना की नवा. पानाच्या वर पत्ता, तोही असा: ‘डीपीच्या पुढं, पत्र्याचं शेड, कुत्रं बांधलेलं नसतं.’ नकाशावरची खूण घेतोच, पण ओढ्यापलीकडं रेंज जाते.

बांधणीत चुका ठरलेल्या असतात. तेलाच्या पिशव्या आडव्या ठेवल्या की साबणाच्या कोपऱ्यानं शिवण फाटते, म्हणून त्या उभ्या, वेगळ्या पिशवीत. चहापत्तीजवळ अगरबत्ती नको. पिठाजवळ फिनेल तर मुळीच नको, वास चपातीत उतरतो. अंडी ट्रेसकट, दोन सुतळ्या आडव्या-उभ्या, आणि ती पोराच्या पायाशी. मागच्या कॅरियरवर हादरा जास्त.

पैशाचा भाग आमच्या मुलखाचा खास आहे. या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली, सोनं-चांदी गाळायला. म्हातारी वस्तीवर, मुलगा कोइमतूरला, आणि यादी कोइमतूरहून येते, यूपीआयनं पैसेही लगेच येतात. इथं एक पथ्य: पैसे मुलाचे, पण फोन घरी करायचा. मुलगा पाच किलो गव्हाचं पीठ लिहितो, आईला बाजरी हवी असते. माल परत आणायचा तर ८० रुपये आमचे.

वस्तीवर यूपीआय घेताना दुकानातला स्पीकर ऐकू येत नाही, आणि ‘पैसे गेले’ची हिरवी खूण दाखवणं म्हणजे पैसे आले असं नव्हे. पोरगं दुकानात फोन लावतं, आमच्या खात्यात दिसल्यावरच पिशवी उतरते. सोबत ५०० रुपयांची सुटी मोड. उधारी ३,००० पर्यंत, तीही डाळिंबाची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, येईपर्यंत. हंगामात गाडी एक वाढवावी लागते, पट्टी लांबली की आमच्या ठोक व्यापाऱ्याचं देणंही लांबतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या छापील किमतीचा माल हाताशी होता. बिलावर नवा दर लिहून, फरक सांगूनच तो दिला. न सांगता दिला असता तर पाकिटाचा फोटो परत आला असता.

पोरं पाच आहेत, कुणी कॉलेजला, कुणी शेतीत. फेरी घ्यायची का नाही हे त्यांनी आदल्या रात्री कळवायचं. प्रत्येकाच्या बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांचा सरकारी सुरक्षा (अपघात) विमा आहे, दोन लाखांचा. हप्ता आम्ही भरतो. पावसात ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी पलीकडं नेत नाही. किती खोल आहे ते बघायलाही उतरायचं नाही. माल परत, फेरीचे किलोमीटर मिळतात.

भाजीपाला मात्र घेतलेला नाही, बरेच जण विचारतात. शनिवारच्या बाजारापेक्षा स्वस्त देता येत नाही, आणि ज्या वस्तीवर नेऊन द्यायचा, तिथंच तो पिकतो.